बायाक्काचं ‘नको’

मंडळी, ऐका. आरतीआधी एक विचारतो, मग गोष्ट. दहा माणसं एका जिवानं काम करतात, त्यांची चारशे झाली की तो जीव जातो कुठं? म्हातारा होतो? की कुणीतरी त्याचा गळा दाबतं? घाईनं उत्तर देऊ नका. पुढच्या रांगेतल्यांनी तर नकोच.

आमच्या गावच्या माळावर पत्र्याची शेड होती. शकुंतला मोहित्यांनी तिथं कांदा-लसूण चटणीचं काम काढलं. एक कांडप यंत्र, अकरा बायका. त्यांत माझी आई – म्हणून सांगतो, हे ऐकीव नाही. मिरची कुटायला लागली की साऱ्याजणी खोकायच्या, आणि खोकता खोकता हसायच्या. एकीचे डोळे चुरचुरले की दुसरी पदर ओला करून धरायची. मालकिणीला सगळ्या ‘शकू’ म्हणायच्या. आईच्या लुगड्याला तो तिखटाचा वास असायचा. आज कुठं तो वास आला, की मी बोलता बोलता थांबतो.

त्या शेडचा एक रिवाज होता. एक घाणा कुटून निघाला की चटणी परातीत यायची आणि प्रत्येकीनं भाकरीच्या तुकड्यावर चाखायची. एकीनं जरी ‘नको’ म्हटलं तरी घाणा थांबायचा. का, कसं, तू कोण – ते नंतर. आधी थांबायचा. झाडणारीचं ‘नको’ आणि मालकिणीचं ‘नको’, वजन एकच.

त्या अकरांतली बायाक्का कुंभार तर मालकिणीलाच म्हणायची, “शकू, आज तुझं ध्यान घरी हाय. मीठ दोनदा पडलंय.”

शकू चाखायची. “पडलंय गं बाई. पुन्हा करू.”

संपलं. कुणाचं नाक कापलं गेलं नाही.

मग धंदा वाढला. वाढावा, मी काय शाप देणार? तीन वर्षांत चारशे माणसं झाली. शहरातून मॅनेजर आले. त्यांनी टोप्या आणल्या – चव तपासणाऱ्यांना पांढरी, बाकीच्यांना निळी. जमिनीवर पिवळा पट्टा मारला. निळ्या टोपीनं तो ओलांडायचा नाही. आणि भिंतीवर ही मोठी पाटी – ‘आपण सारे एक कुटुंब’. हसताय? ज्या घरात माणसं एकमेकांशी बोलतात, तिथं अशी पाटी लावतात का हो?

एका सकाळी पॅकिंगला बसलेल्या बायाक्काच्या नाकाला वास लागला. उठली, पट्टा ओलांडला आणि यंत्राचं बटण बंद केलं.

“नको. खोबरं खवट हाय.”

मॅनेजर म्हणाले, “आजी, तपासणारी माणसं वेगळी आहेत. तुम्ही पिशव्या भरा.”

“अवो, पर नाक माझंच हाय न्हवं?”

यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि तासाभरात तिला कामावरून काढल्याचं पत्र हातात. खाली सही शकूची. न वाचता ठोकलेली.

पंधरा दिवसांत गावोगाव गेलेली चटणी टेम्पो भरभरून परत आली. शकूनं सगळ्यांना आवारात उभं केलं. “खोबरं खवट होतं, हे कुणाकुणाला कळलं होतं?”

मग एक हात वर आला. मग दुसरा. चौदा हात, मंडळी. त्यातले दोन पांढऱ्या टोपीवाल्यांचे.

“मग बोलला का नाहीत?”

मागून एक पोरगी म्हणाली, “एक बोलली होती की, बाई. तिचं काय झालं ते बघितलं आम्ही.”

शकू तशीच बायाक्काच्या दारी गेली. बायाक्का मेथी निवडत होती. उठली नाही.

“आक्का, चल. चुकलं माझं.”

“हितं कशाला सांगतीस? हितं मी अन् मेथी. चारशे जणांम्होरं घालवलंस, चारशे जणांम्होरं सांग. न्हाईतर मी येत न्हाई.”

शकूला रात्रभर झोप नाही. सोपं असतं का ते? सकाळी तिनं ते पत्र सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं. शेवटी स्वतःचं नावही वाचलं. म्हणाली, “आक्का बरोबर होती. मी चुकले.”

बायाक्का फाटकात उभी राहून ऐकत होती. आत आली, आपली निळी टोपी मागून घेतली. “पट्टा राहू दे,” म्हणाली. “पर सांगायचं असंल तवा तो आडवा यायचा न्हाई.”

आता तुमच्याकडे वळतो. त्या जिवाचा गळा कुणी दाबला? टोप्यांनी? नाही. न वाचता सही करणाऱ्या हातानं, आणि त्या सकाळी खाली राहिलेल्या चौदा हातांनी. तुमचं दुकान घ्या, कारखाना घ्या, या देवळाची कमिटी घ्या – होय, तुम्हीच. तुम्ही ज्याला गप्प बसवलंत, त्याचं तोंड आत्ता डोळ्यांपुढं आलं ना? तो इथंच असेल, मागं खांबाला टेकून. मी आरती थांबवतो. उठा, सगळ्यांच्या देखत त्याच्याजवळ जाऊन बसा. तोवर टाळ वाजणार नाही.