डेल्फाआजीची पाटी

—नाही, नाही, बस तू, ती क्रेन कुठं पळून जात नाही. आमच्याकडं पाटी उतरवायला आलेला माणूससुद्धा उपाशी जात नाही — म्हणजे उतरवायला असा कुणी पहिल्यांदाच आलाय म्हणा, एकेचाळीस वर्षांत. हे घे, तीन पॅनकेक, लोणी वर, पाक बाजूला. पाक लगेच ओतू नकोस, आधी लोणी विरघळू दे. कुठला तू, टोलेडोचा? मग तुला माहीत असणार, टोलेडोत आमच्या चार शाखा आहेत. नाव तेवढं बदललं. काय ते नवीन नाव — 'डी'. नुसतं डी, पुढं एक टिंब आणि खाली पिवळा गोळा. तो म्हणे अंड्याचा बलक. मी त्या हेडऑफिसच्या पोरीला विचारलं, बाई, इथं नाश्ता मिळतो हे लोकांना कळायचं कसं? तर म्हणे तरुणांना बरोब्बर कळतं. तुला कळलं होतं? — बघ. आणि तू तर गावोगाव त्याच पाट्या बसवत फिरतोस.

हो, त्या पाटीवरची ती मीच. मघापासून एकदा खिडकीतून वर बघतोस, एकदा माझ्याकडं, मला काय दिसत नाही? बरं झालं विचारलंस. लोक विचारत नाहीत, नुसते फोटो काढतात. पण गंमत ऐक, ते चित्र काढलं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, केस हे असे तपकिरी, कमरेपर्यंत. आमचा मर्ल, माझा नवरा, लोकांची धान्याची कोठारं रंगवायचा, त्यातल्याच उरलेल्या रंगानं त्यानं पत्र्यावर मला काढलं — गालाला पीठ लागलेली. तेव्हा हे एवढंच हॉटेल होतं, सहा स्टुलं आणि एक तवा. मग एक सूटबूटवाला आला, पॅनकेक खाल्ले, म्हणाला, अख्ख्या ओहायोत अशी हॉटेलं काढू, नाव तुमचं, माणसं त्या त्या गावची. फक्त एक अडचण आहे, म्हणाला, चौतीस वर्षांच्या बाईच्या हातच्या नाश्त्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, लोकांना आजी लागते. झालं. मर्ल शिडीवर चढला आणि एका दुपारीत मला पांढरे केस दिले, चष्मा दिला. मी खाली उभी राहून हसतेय, आणि तो वरून म्हणतो — तू म्हातारी कशी दिसशील ते आत्ताच बघून घेतो, नंतर वेळ मिळेल न मिळेल. चेष्टेत म्हणाला होता रे. पन्नाशीही गाठली नाही त्यानं. खरी पांढरी झाले तेव्हा घरात बघायला कुणी नव्हतं. — कॉफी ओतू? ओततेच.

तर त्या एका पत्र्यावरून साचा काढला आणि बाकीच्या दोनशे दहा शाखांवर प्लास्टिकच्या डेल्फाआज्या लागल्या. माझी तक्रार नाही हं, मजा आली. सिनसिनाटीला एक पोरगी मला बघून रडायला लागली, तिला वाटलं पाटी चालत आली. वाईट एवढंच वाटतं की ही जी वर आहे ना, ही मर्लच्या हातची आहे. रोज पहाटे कुलूप काढताना मी तिला नमस्कार-चमत्कार करते, तिला म्हणजे त्यालाच. आणि कंपनीचा नियम काय, तर जुनी पाटी जागेवरच मोडायची आणि तुकड्यांचा फोटो पाठवायचा. हे सगळं त्या वेंडेलमुळं, लायमाच्या शाखेचा मालक तो. मालकांच्या मतदानात त्यानं नव्या पाटीच्या बाजूनं हात वर केला म्हणून एका मतानं हरलो आम्ही, एकशे सहा विरुद्ध एकशे पाच, वर्षभर मी त्याच्याशी बोललेले नाही — तू असा बघू नकोस. — बरं. वेंडेलनं नाही केला हात वर. कुणाला सांगणार नसशील तर सांगते. कोलंबसला सभा होती, सगळे नाश्त्याच्या हॉटेलांचे मालक, आणि कॉफी कशी, तर धुणं धुतलेल्या पाण्यासारखी. माझा कप रिकामा. वाढणारी पोरगी लांब उभी. आता आपल्यात कॉफी हवी असली की काय करतात? हात वर करतात. मी केला. खूप वेळ धरला, कारण ती बघेचना. नेमकं त्याच वेळी अध्यक्ष म्हणत होते, नव्या पाटीच्या बाजूनं कोण कोण, आणि मोजणारा आमच्या रांगेतून गेला. मला कळलं ते टाळ्या वाजल्या तेव्हा. उठून सांगायला हवं होतं, की बाबांनो, मला कॉफी हवी होती. लाज वाटली. दोनशे माणसांसमोर वेडी ठरायची लाज वाटली, आणि मर्लची पाटी मी स्वतःच्या हातानं घालवली. बिचारा वेंडेल, त्यानं नाताळचं कार्डसुद्धा पाठवलं. संध्याकाळी फोन करते त्याला. करायलाच हवा.

तू खात का नाहीस, गार होतंय. — काय? गोधडी? आहे की, जाडजूड आहे एक, पण तुला कशाला? — गुंडाळायला? काय गुंडाळायला? अरे, तुला तर ती मोडून फोटो पाठवायचाय. — काल कुठली उतरवलीस म्हणालास, फिंडलेच्या शाखेची? तिचे तुकडे गाडीतच आहेत? त्यांचाच फोटो पाठवणार, हिचा म्हणून? — हां. — हां, चेहरा तोच. चष्मा तोच. हेडऑफिसवाल्यांना काय कळतंय कुठली डेल्फा फुटली. पण राजा, कुणाच्या लक्षात आलं तर तुझी नोकरी — नाही, थांब, मला बोलू दे, मी काय म्हणते —

मागच्या खोलीत, डावीकडच्या कपाटात आहे गोधडी. हळू उतरव, हनुवटीजवळ पत्रा गंजलाय. जा आता. जा म्हटलं ना, माझ्याकडं बघत उभा राहू नकोस.