एकशे बारा गोळ्या

माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरील डॉक्टरसाहेब, केंद्रातील सर्व सहकारी, घरी एखाद्याची काळजी घेता घेता वेळ काढून इथे आलेल्या माझ्या सोबत्यांनो, आणि ज्यांच्या निवृत्तीच्या सत्कारासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आपल्या समुपदेशक बाई,

आज शनिवार, चौदा तारीख. सकाळी बाइंडिंगच्या कारखान्यात अर्धा दिवस काम केलं. दुपारी जेवले, साडी बदलली, चालत आले. मला बोलता येत नाही, हे मी बाईंना चारदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग जे झालं ते नुसतं सांग."

सव्वा वर्षापूर्वी मी याच मंचावर उभी होते. उत्कृष्ट काळजीवाहक म्हणून मला प्रमाणपत्र मिळालं होतं. आपल्या कार्डावर उरलेल्या गोळ्यांचा रकाना असतो, तुम्हाला माहीतच आहे. माझ्या धाकट्या भावाच्या कार्डावर एकाही महिन्यात एकही गोळी जास्त उरली नव्हती. तो तिथे मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. घरी जाताना म्हणाला, "ताई, आता तुझा फोटो छापून आण, मी वेल्डिंग करून चौकट बनवतो."

तो वेल्डर होता. त्याच्या आधीच्या वर्षी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तो गोळी घेत होता. कोणीतरी मागून डबी हिसकावली, वरचं नाव वाचलं. त्याला एचआयव्ही आहे हे कळलं. तिघांनी त्याला मारलं. त्याला हात लागू नये म्हणून त्यांनी हातमोजे घातले आणि लोखंडी पाइप घेतले. दोन बरगड्या मोडल्या. त्यानेच जोडलेल्या खिडकीच्या जाळीवर त्याचं तोंड आपटलं. मग त्याचा डबा, बूट, चष्मा पिंपात टाकून पेटवून दिलं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा तो म्हणाला होता, शिडीवरून पडलो. आणि मी, त्याची सख्खी बहीण, त्यावर विश्वास ठेवून त्याला शिडी नीट धरायला शिकवत बसले.

प्रमाणपत्रानंतर महिन्याभरात रक्ताचा अहवाल बिघडून आला. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, गोळ्या चुकतात का? मी भांडले त्यांच्याशी. आठवत असेल साहेब, कार्ड टेबलावर आपटलं होतं. आज माफी मागते.

त्याच आठवड्यात केर काढताना मी त्याचा लोखंडी पलंग उचलला. एका पायाचं रबरी बूच निसटलं आणि पोकळ पायातून गोळ्या सांडल्या. मी खाली बसून आधी त्या मोजल्या. सवय हो, दुसरं काय! एकशे बारा भरल्या. मग स्वयंपाकघरातून लाटणं आणलं.

तो भिंतीला टेकून उभा होता. मी पाठीवर मारलं, खांद्यावर मारलं. त्याने हात मध्ये घातला तर मनगटावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि तरी आणखी मारलं. मग लाटणं डोक्याच्या वर नेलं. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"ताई, डोक्यावर नको. रक्त येईल. तुझा अंगठा कापलाय."

माझ्या अंगठ्याला कागद कापायच्या सुरीची ताजी चीर होती. ती मी विसरले होते. त्याच्या लक्षात होती.

हातमोजे घालून मारणारे ते तिघे आणि मी, यात फरक काय उरला? मंडळी, उत्तर देऊ नका. मी रोज देते.

त्यानंतर बाईंनी मला घरी काळजी घेणाऱ्या सोबत्यांसाठीच्या, मन सांभाळायच्या प्रशिक्षणाला बसवलं. वरच्या मजल्यावरची खोली, आम्ही सहाजण. बाईंनी दार लावलं आणि विचारलं, "ज्याला सांभाळता त्याच्यावर कोणी हात उचललाय?" सगळे छताकडे बघायला लागले. बाई म्हणाल्या, "पंखा बंद आहे. त्याला काही माहीत नाही." मग त्यांनी स्वतःचा हात वर केला. आपल्या नवऱ्याच्या तोंडात गोळी कोंबताना त्यांनी त्याचा दात पाडला होता. हे त्यांना विचारूनच सांगते आहे. मग एकेक हात वर गेला. माझा तिसऱ्या दिवशी.

बाईंनी एकच काम दिलं. घरी गेल्यावर अर्धा तास डबीला हात लावायचा नाही. नुसतं बसायचं.

"आज मोजत नाहीस?" तो प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन म्हणाला.

"नाही."

"मग काय करायचंय?"

"बसायचंय."

"बस की. पण परीक्षेला बसल्यासारखं तोंड नको करू."

नवव्या दिवशी त्याने पाइपांचं सांगितलं. गोळी हातावर घेतली की कोणीतरी मागून येतंय असं वाटायचं, म्हणाला. घशातून उतरायचीच नाही. मी कार्ड घेऊन समोर उभी असायचे, त्यामुळे बोलायचीही सोय नव्हती. त्या दिवसापासून तो गोळी घेताना मी त्याच्या पाठीमागे बसायला लागले, पाठीला पाठ लावून. रात्री आठला. एकदाही चुकली नाही. हे मी मोजून सांगत नाही.

पण उशीर झाला होता. त्यानंतर तो नऊ महिने जगला. जाऊन तीन महिने झाले.

बाई, तुमच्यासाठी मी एक वही बांधून आणली आहे. तुमच्या जागी ज्या येतील त्यांना द्या. आत एकही रकाना आखलेला नाही. माझं प्रमाणपत्र चांगल्या जाड कागदाचं होतं, ते पुठ्ठ्याच्या आत घालून चिकटवलं आहे. मला ते परत करायचं होतं, ते असं केलं.

आपण माझं शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी जे बोलू नये ते बोलले असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आता मला निघायला हवं. त्याच्या फोनमधला आठचा गजर मी अजून बंद केलेला नाही. तो वाजला की मी उठते, माठातलं पेलाभर पाणी घेते, पलंगावर बसते आणि सगळं पिते.