कंबरेस विनंती

शिंपीणकाकू जिन्याने तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा; अजून काकू दवाखान्याच्या लिफ्टपाशी नवऱ्याशी भांडताहेत आणि लिफ्टमन दार धरून ऐकतोय.

"अगं, लिफ्ट आहे ना!"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कंबर केव्हाच बरी झालीय. मेंदूच अजून बोंब मारतोय. रोज थोडं हलून त्याची भीती मोडायची."

"आणि दुखलं तर?"

"दुखणारच. पण मला पुन्हा शिलाई मशीनवर बसायचंय."

"मग मी इतकी वर्षं तुला जपलं, ते?"

"आभारी आहे. आता पिशवी धरा."

"काकू, तिसरा मजला आहे," लिफ्टमनला राहवेना.

"ठाऊक आहे. वर जाऊन सांगा, येतेय म्हणून."

पहिल्याच पायरीवर कळ आली. काकूंनी कठडा घट्ट धरला आणि जाहीर केलं,

"कंबरेस विनंती की, यापुढील तक्रारी लेखी, तीन प्रतींत आणि फक्त कार्यालयीन वेळेतच सादर कराव्यात."