धूर गाडायला घेतलेलं बोर

मी मूळचा सायखेड्याच्या अलीकडचा. गोदाकाठ म्हणजे पाण्याला तोटा नाय, विहिरीत बादली सोडली की लगेच भरून वर यायची, आणि असल्या गावातला माणूस मी, सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या कोरड्या रानात पाणी हुडकत फिरलो. तीस वर्षं झाली बोरच्या गाडीवर. आधी तामिळनाडूच्या लोकांकडं रॉड जोडायला व्हतो, त्यांची भाषा मला येईना, माझी त्यांना येईना, पण हातोडा खाली गेला की नुसत्या आवाजावरून दोघांना कळायचं काय लागलं ते. मग स्वतःची जुनी गाडी घेतली. बोरमधून चुरा वर येतो ना, तो चिमटीत धरून मी सांगतो, हा काळा पाषाण, हा बारीक भोकांचा मांजऱ्या दगड, आणि हा लाल गेरू, गेरू आला की जरा दम धरा, खाली पाणी असंल. शिक्षण विचारू नका, नववीत शाळा आणि मी दोघंही एकमेकांना कंटाळलो.

अक्का माझी थोरली बहीण. आई आमची लवकर गेली, मला न्हाऊ घालणं, डबा देणं, मारणं, सगळं अक्कानंच केलं. आणि तिला दिली कुठं, तर सिन्नरच्या पल्याड, जिथं संक्रांत झाली की टँकरची वाट बघायची. गोदाकाठची पोरगी ती, लग्न होऊन गेली आणि डोक्यावर हंडा चढला तो अजून उतरला नाय. मी तिच्या शेतात दोन बोर घेतली. दोन्ही फेल. सगळ्या जिल्ह्याला पाणी दाखवतो आणि बहिणीला नाय, हे मला लय लागायचं. ती मात्र म्हणायची, जाऊ दे रे अशोक, नशिबात नाय.

आता माझी एक रीत हाय ती सांगतो, म्हणजे पुढचं कळंल. बोर घ्यायच्या आधी त्या जागेवर घरच्या बाईच्या हातून हळदकुंकू आणि नारळ. आणि पाणी लागलं की मी मशीन बंद करतो, त्या बाईला बोलवतो, पहिलं पाणी तिच्या ओंजळीत. तोवर मी तोंड लावत नाय पाण्याला, कितीबी तहान लागू द्या. ह्याच रीतीनं माझा घात केला बघा.

झालं काय, एका साहेबाचा फोन आला, सरकारी सर्व्हेचं बोर हाय, गाडी घेऊन या. गेलो तर जागा अक्काच्याच गावची, गायरानात. तिथं एक मॅडम व्हत्या, नागपूरकडच्या, दगडाचं शिकलेल्या, स्वभावानं चांगल्या, मला अशोककाका म्हणायच्या. मी म्हणलं मॅडम, पाण्याचं बोर का? तर म्हणाल्या नाही काका, धुराचं. आता काय सांगू तुम्हाला, तीस वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी समजावून सांगितलं की कोळशावर वीज करणारी जी केंद्रं आहेत त्यांच्या चिमणीतून कार्बनचा गॅस निघतो, त्यानं हवा तापते, तर सरकारचं धोरण यायचंय की तो गॅस चिमणीतच पकडायचा, दाबायचा, नळीनं आणायचा आणि खोल खडकात सोडायचा. आपल्याकडचा काळा दगड असा आहे की त्यात गॅस गेला तर हळूहळू त्याचाही दगड होतो. मी म्हणलं बरं हाय, मग चिमणीवर यंत्र बसलं का? तर म्हणाल्या, नाही, ते अजून ठरायचंय. मग नळी? ती पण ठरायचीय. म्हणजे पाहुण्याचा पत्ता नाय आणि आम्ही आधीच त्याची खोली बघायला निघालो! त्या हसल्या, म्हणाल्या काका, जागा आहे का हे कळल्याशिवाय धोरण कसं ठरणार. हे बाकी बरोबर बोलल्या. म्हणून तर राग कुणावर काढावा ते कळत नाय, एकेकट्याला विचारलं तर सगळेच बरोबर बोलतात.

तर मशीन लावली. गायरानाला घरची बाई कोण, तर मी अक्काला बोलावलं, तिनं हळदकुंकू वाहिलं. मॅडमनी पण हात जोडले. तिथंच चूक झाली ना माझी! धुराच्या बोरला कुणी नारळ फोडतं का? पण हात सवयीनं चालतो. वर अजून बघा, साडेतीनशे फुटाला लाल गेरू आला, मी म्हणलं दम धरा, आणि त्याच्याखाली असं पाणी लागलं, असं पाणी लागलं की रॉडच्या बाजूनं उसळून आमच्या सगळ्यांच्या अंगावर. मी येड्यागत मशीन बंद केली, अक्का, अक्का म्हणून ओरडलो, तिच्या ओंजळीत पाणी घातलं. ती रडायला लागली. बाया हंडे घेऊन पळत आल्या, कुणी गुलाल आणला, सरपंचानं माझ्या गळ्यात हार घातला, मॅडमनी फोटो काढले. आणि मी मोठ्या तोंडानं सांगितलं, अक्का, आता तुझा हंडा उतरला. मी कोण व्हतो हे सांगणारा?

दुसऱ्या दिवशी साहेब आले. म्हणाले हे पाण्याचं बोर नाही, निरीक्षणाचं आहे, अजून खाली जायचंय, केसिंग टाका, बाजूनं सिमेंट भरून पाण्याचा थर बंद करा. मी म्हणलं साहेब, पाणी हाय, बायामाणसं बघतायत. ते म्हणाले, तुम्हाला पाणी शोधायला आणलं होतं का? पाईप टाकला, पाणी बंद केलं, खाली गेलो, खडकाचे नमुने डब्यात गेले, आणि वर लोखंडी झाकण वेल्डिंग करून टाकलं. मग गावासाठी शेजारी दुसरं बोर घेऊ असं मीच ठरवलं, आणि तेही माझ्या पदरचं डिझेल घालून वीस पावलांवर घेतलं. कोरडं ठाक. आपल्या दगडात असंच हाय, भेगेत पाणी, भेग चुकली की काय नाय.

आणि गावानं काय धरलं? की अशोकनं सरकारशी संगनमत करून पाणी दाखवलं आणि बंद केलं. अक्का काय बोलली नाय. बोलली असती तर बरं झालं असतं. भाऊबीजेला बोलावणं आलं नाय. मी दारात गेलो तर भाच्याच्या बायकोनं चहा दिला, अक्का आत बसून राहिली. पन्नाशी उलटलेला माणूस मी, रस्त्यानं गाडी चालवत रडत घरी आलो, खोटं कशाला सांगू.

मग सुरू झाले हेलपाटे. मी म्हणलं पाण्याचा थर मोकळा करून द्या, झाकण काढा. तहसीलला गेलो, ते म्हणाले बोर सर्व्हेचं, त्यांना विचारा. सर्व्हेवाले म्हणाले धोरण अंतिम झाल्याशिवाय आम्ही बोर हस्तांतरित करू शकत नाही. भूजलवाले म्हणाले आमच्या नोंदीत हे बोरच नाही. वीज केंद्राच्या गेटवर गेलो, तिथला माणूस म्हणाला काका, आमचे संच चालू राहतात का बंद होतात हेच आम्हाला माहीत नाही, तुम्ही धुराचं काय घेऊन बसलात. अहो, मग गाडायचं काय? तालुक्याला एक बैठक झाली, पडद्यावर सगळं इंग्रजी, चित्रात चिमणी, नळी, खडक, सगळं निळं हिरवं छान. मी उभा राहून विचारलं, तुम्ही गॅस घातला आणि उद्या भेगेतून वर आला तर बघणार कोण, केंद्र बंद झाल्यावर कोण, साहेबांची बदली झाल्यावर कोण? तर म्हणाले चांगला प्रश्न आहे, मसुद्यात घेऊ. चांगला प्रश्न! माझ्या मास्तरनं कधी म्हणलं नाय ते सरकारनं म्हणलं.

मॅडमनी मात्र कागदावर लिहिलं व्हतं, इथं गोडं पाणी आहे, गावाला द्यावं. मग त्यांची बदली झाली. आणि परवा कागद आला. काय असंल, सांगा? जागा नामंजूर. का, तर पिण्याच्या पाण्याचा थर आहे म्हणून इथं गॅस साठवता येणार नाही. बरं झालं म्हणलं, सुटलो, आता पाणी देतील. तर खालच्या ओळीत, सोडून दिलेलं सर्व्हेचं बोर नियमाप्रमाणे तळापासून तोंडापर्यंत सिमेंटनं भरून बंद करावं. पाणी हाय म्हणून धूर नको, आणि धूर नको म्हणून पाणी बुजवा! आणि हे काम कुणाला, तर ज्यानं बोर घेतलं त्याला. मला.

मी फोनवर सांगितलं, माझ्यानं होणार नाय. साहेब म्हणाले, तुम्ही नाही तर दुसरा करेल. म्हणून आज सकाळी गाडी घेऊन आलो, सिमेंट घेऊन आलो, मनात म्हणलं निदान दुसऱ्याच्या हातून नको. तर इथं येऊन बघतो, ह्या झाकणावर अक्का बसलेली. मांडी घालून. बाजूला गावच्या सगळ्या बाया. मी गाडीतून उतरलो. वर्षभर ही बाई माझ्याशी बोलली नाय, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, डोक्याला काय बांधलं नाय का रे, ऊन लागंल. झालं, सिमेंट गाडीतच राहिलं. तिथंच बसलो. तेव्हापासून आम्ही बसलोय, आणि तुम्ही पेपरवाले आल्यावर हे सगळं सांगायला लागलो.

पुढं काय होईल मला माहीत नाय. पोलीस येतील, नायतर दुसरी गाडी येईल, नायतर धोरण बदलेल, त्याचं काय सांगता येतंय. तुम्ही लिहा, आणि तुमच्या घरच्या नळाला पाणी राहो एवढंच माझं मागणं. साहेबांचा मघाशी फोन येऊन गेला, काम सुरू झालं का म्हणून. मी म्हणलं, नाय साहेब, गाडी चालू होत नाय. खोटं नाय बोललो, चावी अक्कानं कमरेला खोचलीय.