कोंडिबाची फेड

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो! उत्तर मोठ्यानं देऊ नका, मनात ठेवा. माणूस राबला नाही, घाम गाळला नाही, आणि तरी त्याच्या हातात पैसा आला — तर तो माणूस बसतो, का उठतो?

पुढचे दादा लगेच म्हणाले, "बसतो!" दादा, तुम्ही तर राबून आल्यावरसुद्धा बसलेलेच असता! हसा, हसा. मृदुंगवाले, तुम्हीही हसा. पण कान इकडं द्या!

डोंगराच्या पोटाशी एक गाव. सगळी भाताची खाचरं. त्या गावात कोंडिबा रेणुसे — वय पंच्याहत्तरच्या पुढं, अंगानं काटक, पण गुडघे गेलेले. घरात बायको ठकूबाई. एकुलती लेक लग्न होऊन लांब घाटाखाली. म्हणजे घरात माणसं दोन, आणि धड गुडघे? दोनच! तेही ठकूबाईचे!

आता त्या गावात लावणी व्हायची सावडीनं. शहरातून पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी सांगतो. आज सगळ्यांनी मिळून माझं रान लावायचं, उद्या सगळ्यांनी तुझं. पैसा? नाव काढायचं नाही! ज्याचं रान, त्यानं दुपारचं जेवण घालायचं. आणि ज्यानं माणसं घेतली, त्यानं दुसऱ्याच्या रानात जाऊन फेड करायची. बस्स!

तीन वर्षांमागं सगळे आले, कोंडिबाचं रान लावून गेले. जेवायला काय होतं? पेज! पेज आणि खर्डा! ठकूबाईला मान वर करता येईना. आणि फेडीचा दिवस आला — कोंडिबा उठायला गेला, आणि गुडघ्यांनी साफ नाही म्हटलं! दिवसभर दारात बसून राहिला. पलीकडच्या रानातनं लावणीची गाणी ऐकू येत होती. काय वाटलं असेल हो त्या जिवाला?

पुढल्या वर्षी त्यानं सांगून टाकलं, "औंदा रान इसाव्याला ठेवतो." त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. रान दमलं नव्हतं हो, मंडळी! म्हातारा लाजला होता! आणि गावानं काय केलं? "जाऊ द्या, म्हाताऱ्याला कशाला तरास," म्हणून बोलवायचंच सोडलं. किती प्रेमानं सोडलं बघा!

तिसऱ्या वर्षी ठकूबाईनं न विचारता परसात तरवा टाकला. तरवा म्हणजे भाताची रोपं. "तुमच्या गुडघ्यांनी न्हाय म्हटलंय, मपल्या हातांनी कुठं म्हटलंय?" वा रे ठकूबाई! रोपं वीतभर झाली, दीड वीत झाली. आता चार दिवसांत लागली नाहीत तर पिवळी पडणार. आणि लावणार कोण?

तोच दारात पोस्टमन! "कोंडिबा, सरकारनं शेतकऱ्यांना धाडलेत, तुमच्या नावावर दोन हजार आलेत. अंगठा द्या." म्हातारा म्हणाला, "थांब!" आत गेला. पोस्टमनला वाटलं, कागद आणतोय. कोंडिबा फेटा बांधून आला! जन्मात कधी न मागता, कुणाच्या पाया न पडता, त्याच्या नावानं पैसा आला नव्हता. त्याला काय उघड्या डोक्यानं घ्यायचं? झिजलेला अंगठा यंत्रावर तिसऱ्या खेपेला उमटला, आणि नोटा हातात!

ठकूबाई म्हणाली, "गुडघ्याचं औषीद आणा."

"गुडघे गेले खड्ड्यात! रान लावायचं!"

काठी टेकत निघाला तो थेट येसूबाईच्या बांधावर. येसूबाई म्हणजे सावडीची म्होरकी, आवाज असा की बैलसुद्धा वळायचे! कोंडिबानं सगळ्यांसमोर नोटा काढल्या. "उद्या मपल्याकडं या! रोख रोज देतो!"

लावणीचं गाणं थांबलं. येसूबाई चिखलातनं वर आली.

"तात्या, नोटा आत ठेवा. मपल्या लग्नात मांडवाच्या मेढी तुम्ही रोवल्या, त्याचा रोज किती झाला? सांगा की!"

"येसू, तसं न्हाय गं. फुकट कसा बोलवू? फेड कशी करू? गुडघे बघ की!"

"म्हंजी दोन वरसं रान इसाव्याला ठेवलं, ते ह्याच्यापायी व्हय?"

म्हातारा वळला आणि घरी आला. नोटा ठकूबाईपुढं टाकल्या. "घे! ह्यांच्यापायी येसूला दुखावून आलो!"

ठकूबाईनं कपाळावर हात मारला. "अवो, सावडीत रोज देत्यात का? जेवान देत्यात! आणा इकडं!" आणि पदर खोचून गेली की दुकानात! गूळ, गव्हाचा रवा, तेल, मटकी — दोन पिशव्या! पहाटे उठून पंधरा माणसांची लापशी केली. चिंचेच्या सारात सुकट पण होती म्हणतात. मी माळकरी, मी तिचं नाव घेत नाही — वास मात्र इथवर आलाय!

पण मंडळी, जेवण झालं तयार, आणि बोलावणं? ते तर मोडलं होतं! उजाडलं. वाट रिकामी. कोंडिबा दारात, ठकूबाई चुलीपाशी. दोघं एकमेकांकडं बघेनात. लापशी निवत चालली. कुणी आलंच नाही तर?

आणि बैलांच्या घंटा वाजल्या! पुढं बैल, मागं पावसासाठी डोक्यावर इरली घेतलेली माणसं, सगळ्यांच्या मागं येसूबाई — "तात्या! दारात काय बसलाय? पाट घ्या! तरवा कोण उपटणार? त्याला का गुडघे लागत्यात?"

बसला की पाटावर! साठ वर्षांची सवय त्या बोटांना! उपट, झटक, बांध मूठ! उपट, झटक, बांध मूठ! लावणाऱ्या बाया ओरडायला लागल्या, "तात्या, दमानं! मुठींचा ढीग लागला!" म्हातारा हसतोय, फेटा चिखलानं भरलाय, दोन वर्षं पडीक पडलेलं रान हिरवं होत चाललंय!

दुपारी पंगत बसली. ठकूबाई मान वर करून वाढत होती. येसूबाईनं बोटं चाटली आणि म्हणाली, "काकू, पोट भरलं. पण फेड ऱ्हायली."

कोंडिबाचा घास हातात!

"परवा मपला तरवा उपटायचा. गाडी धाडते. पाट घेऊन यायचं. चुकवायचं न्हाय, सांगून ठेवते!"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाला, "येतो! येतो की! किती वाजता येऊ?" थोड्या वेळानं परत — "येसू, किती वाजता?" निघताना तिसऱ्यांदा — "वेळ सांग गं नीट!" मंडळी, दोन वर्षांनी त्या माणसाला कुठंतरी वेळेवर पोचायचं होतं!

बोला आता! हातात आलेल्या पैशानं कोंडिबा बसला का उठला? उठला! फेटा बांधून उठला! पण पैशानं त्याला घराच्या उंबऱ्याबाहेर काढलं. रानापर्यंत त्याला नेलं येसूबाईच्या हाकेनं. ते काम पोस्टमनचं नाही, सरकारचं नाही. ते तुमचं!

तुमच्या आळीत असा एखादा कोंडिबा आहे. आहे ना? "त्यांना कशाला तरास," म्हणून तुम्ही त्याला बोलवायचं सोडलंय. काकडी चिरायला तरी बोलवा! भांडण मिटवायला बोलवा! विठ्ठलाचं नाव घ्यायला टाळ उचलाल, त्याआधी शेजारी बघा. कुणाची जागा रिकामी आहे? उठा! प्रसाद वाटायला माणूस कमी आहे म्हणावं, आणि त्याला घेऊन या. मी थांबतो!