उजवीकडचा बिल्ला

फोटो स्टुडिओच्या बाकावर ती आपल्या पासपोर्टच्या फोटोंची वाट पाहत बसली होती. शेजारी एक निवृत्त फौजी मांडीवर लष्करी बेरे टोपी घेऊन बायकोशी हळू आवाजात बोलत होता.

“उद्या पलटणीच्या मेळाव्याला मी येत नाही.”

“आता काय झालं?”

“बिल्ला डाव्या डोळ्यावर, टोपी उजव्या कानाकडे ओढलेली. कवायतीच्या उस्तादांनी दरडावून शिकवलेलं. आणि काल मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला, तर बिल्ला उजवीकडे. डोकं कामातून गेलं माझं. उद्या उस्तादांचं नावही विसरेन.”

“मग काय केलंत?”

“बिल्ला काढून दुसऱ्या बाजूला लावला.”

“तो फोटो दाखवा बघू. अहो, तुमचा तीळ कुठल्या गालावर आहे?”

“डाव्या. रोज दाढी करताना आडवा येतो.”

“आणि फोटोत?”

“उजव्या.”

“म्हणजे तीळही आपली जागा विसरला?”

फौजीने गालावरचा तीळ बोटाने चाचपला. बायकोने मोबाइल त्याच्यासमोर धरला.

“फोनने आरशासारखा उलटा फोटो काढलाय, अहो.”

“म्हणजे माझं डोकं शाबूत आहे.”

“होतं तेवढं आहे.”

“पण टोपीला आता दोन्हीकडे भोकं पडली. उस्ताद विचारतील.”

“गोळी लागली म्हणा.”

“मी जन्मभर भांडारात चादरी वाटल्या. तिथे कोण गोळ्या झाडणार?”

“मग उंदराने कुरतडली म्हणा.”

“हां. ते उस्तादांना पटेल.”