चिटणीस तिळगूळ घेऊन आले

उभे काय राहताय, बसा की त्या खोक्यावर — पाण्याच्या बाटल्या आहेत आत, मोडत नाही — आणि डबा ठेवा इथं काउंटरवर. तिळगूळ! वा रे वा! मराठी मंडळाचे चिटणीस बाळकृष्णराव, रिफायनरीतले एवढे मोठे इंजिनिअर, संक्रांतीचा तिळगूळ घेऊन हाशमच्या दुकानात! सौदीत, ह्या रास तनुऱ्यात दुकान टाकल्यापासून दर संक्रांतीला तुमच्या कॉलनीत तीळ माझ्याकडून जातात, गूळ माझ्याकडून जातो, खोबरं जातं — जातंच नुसतं, परत कधी काही आलं नाही. आज आलं. काय म्हणता? गोड बोला? बोलतो की. आधी कडू आहे ते संपू दे जरा.

आणि ताकाला आलात तर भांडं कशाला लपवता, साहेब? सद्दामला कुवेत सोडायला दिलेली मुदत उद्या संपते. तुम्हा पुरुषांना रिफायनरी सोडायला परवानगी नाही, आणि बायकांना ह्या मुलखात गाडी चालवायची परवानगी नाही. विमानाचं तिकीट मिळत नाही. म्हंजे तुमच्या दारात चार-चार गाड्या धूळ खात उभ्या, आणि बायकापोरं जेद्द्याला न्यायची कोणी? तर हाशमनं. हाशमची कोस्टर बस आहे — तुमचीच पोरं रोज शाळेत नेते ती — हाशमची बायको सोबत येईल, बायकांच्या गाडीत बाईमाणूस हवं, आणि जेद्द्यात हाशमची बहीण आहे मासूमा, तिचं घर मोठं आहे. अडला हरी — पुढचं तुम्ही म्हणा, मला नाही बोलवत, मीच तो गाढव!

हसू नका. मी हसत नाहीये.

हा शेजारचा बेकरीवाला बघा, नेजाती. तुर्की माणूस. तुमच्याकडे सकाळचे पाव येतात ते ह्याच्याच भट्टीतले. दिवसभर रेडिओ कानाला, आणि एकच धोशा — युरोपवाले आम्हाला घेणार का? त्यांचा तो बारा देशांचा संघ आहे ना, त्यात. मी म्हणतो, अरे येड्या, कशाला घेतील? तू कोण, ते कोण! ते इगरजीवाले, चर्चातले, तू मशिदीतला. तर म्हणतो, आमचं अर्धं इस्तंबूल युरोपातच आहे. असेल बाबा! चाळीस वर्षं ह्यांची पोरं युरोपच्या फाटकावर बंदूक घेऊन उभी, रशियाकडे तोंड करून. मी म्हटलं, नेजाती, आमच्या कोकणात बागेला राखणदार ठेवतात. त्याला जेवायला घालतात, नाही असं नाही, पण पडवीत. माजघरात पान मांडत नाहीत त्याचं. झालं, रुसला. दोन दिवस मला शिळा पाव दिला.

पण खरं की नाही, सांगा ना? सत्त्याऐंशी साली ह्यांनी अर्ज केला. दोन-अडीच वर्षं ताटकळत ठेवलं, आणि मग काय सांगितलं? नाही म्हणाले? छे! नाही म्हणायला हिंमत लागते. म्हणाले, आत्ता नको. तुमची गरिबी आहे, तुमचं अमुक आहे, तमुक आहे — आणि जे मनात होतं ते मात्र तोंडावाटे नाही काढलं कोणी. की तुम्ही आमच्यातले नाही दिसत. आणि आता? आता लढाई आली. आता तुर्कस्तान मोठा शहाणा! इराकच्या तेलाची पाइपलाइन बंद कर — केली. विमानतळ दे — देतील बघा. मागून घेताना धर्म नाही आड येत, संस्कृती नाही येत. आणि हा खुळा नेजाती म्हणतो, बघ हाशम, आता आम्ही कामाला आलो, आता घेतीलच. घेतात! गरज सरो, वैद्य मरो.

मी तर म्हणतो, जाऊच नये. बोलावलं तरी जाऊ नये. काय आहे असं त्या पंगतीत? जन्मभर त्यांच्याकडे बघून घास घ्यायचा — काटा डाव्या हातात की उजव्या — आणि शिंक आली तरी सगळे म्हणणार, बघा, तुर्क शिंकला. स्वतःच्या चुलीवर मीठ-भाकरी बरी.

काय? मी का आलो होतो मग? मी कुठं... अहो, ती वेगळी गोष्ट. तेव्हा दुकान नवीन होतं. धंद्याला ओळखी लागतात, म्हणून विचारलं असेल मंडळात घ्या म्हणून. धंद्यासाठी. तुम्ही सगळे बसला होता क्लबहाऊसात, पंखा लावून, आणि मी आपला नवा कोट घालून. खमीस मुशैतच्या एका शिंप्याकडून शिवून आणला होता — तिकडं थंडी असते, त्यानं लोकरी शिवला आणि मी इथं घामाघूम. तुम्हीच बोलला होता, आठवतं का? हाशमभाई, मंडळ सांस्कृतिक आहे, आणि आपली संस्कृती जरा वेगळी पडते. भाषा? भाषेचं ठीक आहे, म्हणाला, पण नुसत्या भाषेनं होत नाही. आत्ता नको, पुढं बघू. अहो, नको म्हणालात तेही मराठीतच म्हणालात! आणि मला शब्द न् शब्द कळला. गुजरात्याला सांगितलं असतं तर त्याला निदान दुभाषा लागला असता.

मी काय, मी घातला कोट गाठोड्यात. मला काही नाही त्याचं. पण ती पोर... सानिया हो, माझी. तुमच्या श्रुतीच्या वर्गात. मंडळाचं ते नाटुकलं होतं ना गेल्या दिवाळीत, जंगलाचं, श्रुती ससा झालेली — त्याची तालीम सगळी माझ्या बसमध्ये झाली. रोज. जाताना आणि येताना. सगळ्यांची कामं सानियाला पाठ. कोल्ह्याचं पाठ, सिंहाचं पाठ, झाडाचंसुद्धा — झाडाला काय एकच वाक्य होतं. घरी मला म्हणते कशी, अब्बा, व्हॉट विल आय बी? मी काय सांगू? कार्यक्रमाच्या दिवशी बर्फ आणि बाटल्या पोचवायच्या होत्या मला, मागच्या दारानं. तर ही येऊन बसली व्हॅनमध्ये, नवा फ्रॉक घालून. खिडकीतून स्टेज दिसत होतं. तुमची श्रुती मध्येच अडली, बघा — अडली होती ना? तिला आठवेना. आणि इथं व्हॅनमध्ये माझी पोर मोठ्यानं तिचं वाक्य सांगतेय. ओरडून सांगतेय. काचा बंद. कोण ऐकणार! मी बर्फ उतरवत होतो. हात गारठले म्हणून डोळ्याला पाणी आलं, दुसरं काही नाही.

जाऊ दे. कुठून कुठं गेलो मी.

बसचं म्हणाल तर बस तयार आहे. कधीपासून म्हंजे? परवापासून. मागच्या दोन सीटा काढल्यात, पोरं आडवी होतील. श्रुतीच्या आईला, शर्मिलावहिनींना, सातवा महिना ना? त्यांना पुढं, दाराजवळची जागा, उशी ठेवली आहे माझ्या बायकोनं, हफीजानं. हो, तुम्ही विचारायच्या आधीच. त्यात काय एवढं, पोटुशी बाई काय सद्दामच्या रॉकेटची वाट बघत बसणार आहे? भाडं? भाड्याचं नाव काढाल तर उठा आत्ताच्या आत्ता. रियाधला रात्री मुक्काम, मग ताइफ. आणि एक आधीच सांगतो, नंतर बोलायला नको — मक्केच्या अलीकडं रस्त्यावर बोर्ड आहे. मुसलमानांनी सरळ, बाकीच्यांनी वळून. वळसा मोठा आहे, डोंगरातनं. हफीजाला वाटत होतं, एवढे जातोच आहोत तर मक्केत उमरा करून घेऊ, छोटी यात्रा. मी म्हटलं, नाही, बस वळणानंच जाईल, सगळी एकत्र जातील. आहे, आमच्यातही बोर्ड आहे, लपवत नाही मी. पण तो रस्त्यावर आहे, साहेब, चार भाषांत, हातभर अक्षरात. आंधळ्यालाही दिसेल. तुमचा बोर्ड आपटून कपाळाला टेंगूळ आल्यावर कळतो.

मासूमाकडं मासळी शिजते, तेही सांगून ठेवतो. चालेल? आता काय, चालेलच! तरी तिला म्हटलंय, वेगळी चूल देऊ, वेगळी भांडी देऊ. माणूस घाबरलेलं असतं तेव्हा त्याचं जेवण बदलू नये.

काय म्हणालात?

परत बोला. काल सभा झाली. बरं. ठराव झाला. मला... मंडळात? सगळ्यांनी? कोणी आडवं नाही आलं? अहो मग हे आधी सांगायचं! मघापासून मी इथं तोंड वाजवतोय आणि तुम्ही आपले ऐकून घेताय! तसं मला आता त्याचं काही नाही, बरं का... पण सानियाला होईल. अगं ए सानिया! आतनं बाहेर ये — हे बघ, श्रुतीचे पप्पा तिळगूळ घेऊन आलेत. घे, घे एक. थँक्यू काय म्हणतेस, मराठीत बोल, आता मंडळात जायचंय तुला! पुढच्या दिवाळीला हिला झाड करा, साहेब, एक वाक्य द्या, बास. पळ आत, अम्मीला सांग. तो कोट काढायला सांग गाठोड्यातनं, कसर लागली असेल.

हं? पण काय?

सहयोगी? सहयोगी सभासद म्हंजे... म्हंजे कसं? कार्यक्रमाला यायचं. मागं बसायचं. बरं. मत नाही. आणि पोरांनी स्टेजवर... ते पुढं बघू. लढाई संपल्यावर.

अस्सं.

नेजातीला सांगितलं पाहिजे. त्याच्या तुर्कस्तानालाही युरोपवाल्यांनी हेच दिलंय, ठाऊक आहे? सहयोगी. त्रेसष्ट सालापासून. त्याला वाटतं, ते पहिलं पाऊल आहे.

नाही, नाही, रागावलो नाही. अजान होतेय, ऐका, दुकान बंद करायचंय मला. उठा. सकाळी फजरच्या नमाजानंतर बस तुमच्या कॉलनीच्या फाटकाशी उभी असेल, बायकांना सांगा, सामान कमी घ्या, पोरांना गरम कपडे घाला. वहिनींची जागा पुढचीच. त्यात काही बदल नाही. ठराव करायची मला सवय नाही.

आणि हा डबा घेऊन जा. न्या हो. गोड बोलायचं काय ते आपापसात बोला. एक लाडू कमी दिसेल, तो पोरीनं खाल्ला — त्याचे तीळ माझ्याच दुकानातले होते. सरका जरा, शटर ओढतो.